घरटी एक मत

माझ्या सासरच्या गावाचं एक ग्रामस्थ मंडळ आहे. गाव कोकणात, पण गावातली माणसं कळव्यात, डोंबिवलीत, आणि ज्यांचं हल्ली बरं चाललंय ती कोलशेतच्या टॉवरांत. मंडळाची वार्षिक सभा कळव्यातल्या एका शाळेच्या वर्गात भरते आणि गेली कित्येक वर्षं तिथली निवडणूक अडीच मिनिटांत उरकायची. चिटणीस उभे राहून स्वतःचंच नाव वाचायचे, "कोणाची हरकत?" म्हणायचे, आणि हरकत घेणाऱ्याने घसा साफ करायच्या आत टाळ्या व्हायच्या. याला इतिवृत्तात 'सर्वानुमते' म्हणतात.

ही सुखाची रीत बायकोच्या काकीने मोडली. तिने चिटणीसपदासाठी अर्ज भरला. काकी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली नर्स. मंडळाची कळव्यात एक खोली आहे, नोकरी शोधायला येणाऱ्या पोरांसाठी कधी काळी घेतलेली. आता तिथे कार्यकारिणी रमी खेळते. गावाहून पेशंट घेऊन येणारी माणसं मात्र रुग्णालयाच्या व्हरांड्यात पेपर पसरून झोपतात. काकीला त्यांच्यासाठी त्या खोलीची चावी हवी होती. आणि चावी चिटणिसाकडे असते.

अर्ज दोन झाले म्हणजे मतदान आलं, आणि मतदान आलं की मंडळाच्या घटनेप्रमाणे निरीक्षक नेमावा लागतो. तो सभासद नसावा आणि दोन्ही उमेदवारांना चालावा. असा माणूस कोण? गावचा जावई. जावयाला मत नसतं, मान असतो. माझी नेमणूक खरोखरच सर्वानुमते झाली. त्यामागे माझ्या निःपक्षपातीपणाची कीर्ती असावी, असं मी धरून चाललेलो.

"दोघांनाही वाटतंय, तुम्हाला गुंडाळता येईल," बायको म्हणाली.

सभेच्या दिवशी मी इस्त्रीचा कुडता घालून, दोन पेनं आणि लाखेची एक कांडी घेऊन गेलेलो. लाख कशाला हे मलाही माहीत नव्हतं; पण निरीक्षकाजवळ असावी असं वाटलं. वर्गातली मोठ्या माणसाच्या मापाची एकमेव खुर्ची मला मिळाली. बाकीचे चौथीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले.

"जावईबापू, एक बारीकशी गोष्ट," चिटणीस माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाले. "मत घरटी एक. आपल्याकडे पूर्वीपासून सगळं घरटीच. वर्गणी घरटी, पालखीचा नारळ घरटी. एवढं कागदावर घ्या, म्हणजे मागाहून कोणी बोलायला नको."

घटनेची प्रत माझ्या कोपराखालीच होती. कोपर उचलायची तसदी न घेता मी निर्णय लिहून टाकला. मागच्या बाकांवरच्या तरुणांचे चेहरे उतरले. त्यांनी आपापल्या नावाने सभासदत्व घेतलेलं, आणि सगळे काकीच्या बाजूचे. आता प्रत्येकाचं मत बापाच्या खिशात गेलं.

"भावजी, वाट लावलीत," एक मेहुणा कानाशी म्हणाला. निरीक्षकाशी कसं बोलावं हे मी त्याला समजावून सांगितलं.

तेवढ्यात काकी उठली. "जावईबापू, घरटी म्हणजे घरातलं कोण?"

मी नुकताच गरम वडा तोंडात टाकलेला. अशा वेळी माणूस सगळ्यात छोटं उत्तर देतो. "कोणीही. जो आधी येईल तो."

"बरोबर," चिटणीस हसून म्हणाले. "बापाला जमलं नाही तर मुलगा देईल."

"मग तेही लिहा," काकी म्हणाली. मी लिहिलं. खाली दोन्ही उमेदवारांनी सह्या केल्या, आणि सर्वांत लफ्फेदार सही माझी.

मतदान सुरू झाल्याचं मी जाहीर केलं, तेव्हा पुरुषमंडळी वड्यांच्या दिशेने व्हरांड्यात निघालेली. मत काय, कुठे पळून जातंय? शेजारच्या वर्गात त्यांच्या बायका बशा भरत होत्या. त्यांनी बशा भरून दिल्या, हात पुसले आणि त्या मतदानाला आल्या. काकीने ओपीडीच्या शिस्तीत रांग लावली. एकेक बाई यायची, घराचं नाव सांगायची, सही करून चिठ्ठी घ्यायची आणि उमेदवाराचं नाव लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मी यादीत खुणा करत होतो आणि काय शांततेत मतदान चाललंय म्हणून स्वतःवरच खूश होत होतो.

चटणीचे हात धुऊन पहिले आले ते चिटणीस. मी यादीवरून बोट फिरवलं.

"तुमच्या घरचं झालं."

"कोणी केलं?"

मी सही दाखवली. त्यांनी दारातून शेजारच्या वर्गात पाहिलं. त्यांच्या पत्नी एक कप विसळत होत्या. तो एकच कप त्या बराच वेळ विसळत राहिल्या.

"हा काय प्रकार, जावईबापू?"

मी कागदावरची त्यांचीच सही पुढे केली. दुसरं काही सुचलं असतं तर तेही केलं असतं.

काकी जवळजवळ दुप्पट मतांनी निवडून आली. तरुणांनी मला पक्का मुरलेला ठरवलं, म्हाताऱ्यांनी आतल्या गाठीचा. माझ्या अकलेबद्दल इतका गैरसमज पूर्वी कधी कोणाचा झाला नव्हता. सभा संपल्यावर काकीने पर्समधून घटनेची प्रत काढली. एका कलमाखाली रेघ मारलेली होती: प्रत्येक सभासदास एक मत.

"मग दाखवलीत का नाही?"

"दाखवली असती तर तुम्ही चिटणिसांना विचारलं असतं," काकी म्हणाली. "आता लिहितेय मी इतिवृत्तात. निरीक्षकांनी घटना न वाचता निर्णय दिला, दोन्ही उमेदवारांनी तो मान्य केला. सही करा." मी केली, या वेळी वाचून, साधी.

पुढच्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. गावाहून एक बाई नवऱ्याला घेऊन आलेली, सासूसकट. त्याला दाखल करून घेतलेलं, दोघी खोलीच्या दारात बसलेल्या, आणि आत अंथरूण पसरायला जागा नाही, रमीचं टेबल आहे. मी डोंबिवलीहून गेलो. टेबलाचं दुसरं टोक धरायला माजी चिटणीस आधीच येऊन उभे होते. दोन मजले आम्ही ते उतरवलं. संपूर्ण जिन्यात ते माझ्याशी एकच शब्द बोलले.

"डावीकडे."

मी उजवीकडे वळलेलो.