थान उस्तादची जागा

सरकारी कारखान्याच्या फाटकावर पहारा करण्यात थान शौयीची सत्तावीस वर्षं गेली. माणसाचा डबा आधी बघायचा आणि तोंड मागाहून, ही खोड त्याला तिथंच जडली. डब्यात नुसता आंबवलेला कोबी असला, तरी तळाशी कारखान्यातले खिळे दडवलेत की काय म्हणून तो चमच्यानं ढवळून बघे.

पूर्वी सरकारनं खेड्यांत शेतावर धाडलेली पोरं १९७९ साली चीनच्या ल्याओनिंग प्रांतातल्या शहरांत परतली आणि घरोघरी रिकामी बसली. थानची एकुलती लेक यूछिन त्यातलीच. कारखान्याची रीत सोपी होती. बापानं जागा सोडायची, त्या जागेवर लेकराला घ्यायचं.

"थान उस्ताद, इथं सही करा," भरतीखात्याचा फंग म्हणाला. "पोरगी सोमवारपासून कामावर. बेकारी हटवायची तर ती आम्हीच हटवणार!"

"एका दारानं मला घालवायचं, दुसऱ्यानं तिला घ्यायचं. हटली कुठं? आधी तिचा कागद दाखवा."

"जागा रिकामी झाल्याशिवाय कागद निघतो का?"

"आणि रिकामी झाल्यावर तुमचा भाचा निघाला तर?"

फंग कावराबावरा झाला, तसा थानचा संशय आणखी बळावला. तीनदा तो सही न करता परतला. शेवटी यूछिनच भडकली. "बाबा, ही रीत पुढच्या वर्षी राहील की नाही कोण जाणे. तुमच्या संशयापायी मी घरात बसून म्हातारी होईन!"

ते वर्मी लागलं. थाननं सही केली, आपला कारखान्याचा पास फंगच्या टेबलावर ठेवला आणि चार दिवस धड जेवला नाही. नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा उजेडात धरून त्यानं शिक्का तपासला. तरी पटेना. पत्र काय, कुणीही लिहितं!

सोमवारी सकाळी तो फाटकावर गेला. निळा कोट घातलेली यूछिन रात्रपाळीहून बाहेर पडणाऱ्या एका कामगाराचा डबा चमच्यानं ढवळत होती. थान सवयीनं आत निघाला.

"पास?"

"अगं, मी आहे."

"दिसतंय. पास कुठाय?"

"तो तर फंगकडे दिला..."

"मग आत काय काम आहे तुमचं, बाबा?" ती हळू आवाजात म्हणाली, पण वाटेतून हलली नाही.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्या, बाजूला हो की!"

थान बाजूला झाला. जागा खरंच तिला मिळाली होती, आता खात्री पटली. आणि खात्री पटल्यावर त्याला रडू आलं.