तिसरा कप कोणाचा

माझी मावशी पालीला घाबरते, लिफ्टला घाबरते, फुग्याला तर इतकी घाबरते की वाढदिवसाला आम्ही फुगे लावणंच सोडून दिलं. आणि ही बाई भयकथा सोडून दुसरं काहीही वाचत नाही. घाबरायची तिला हौसच आहे. पाय खुर्चीवर घेऊन, उशी पोटाशी धरून, अधूनमधून "अगं बाई" म्हणत ती वाचते, आणि तोंड असं फुललेलं असतं की कोणी गुदगुल्या करतंय असं वाटावं.

पोटासाठी ती पुस्तकं बांधते. एका ग्रंथालयाच्या तळघरात खिळखिळी झालेली पुस्तकं उसवायची, फर्मे सुटे करायचे, कण्यावरचा वाळलेला डिंक खरवडायचा आणि सगळं पुन्हा शिवायचं. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. या कामाचा पहिला नियम मला तिनेच शिकवलाय: फर्म्यावरचा आकडा वाचायचा, मजकूर वाचायचा नाही. हा नियम ती रोज मोडते.

मागच्या महिन्यात ग्रंथपालबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, आणखी एक चूक झाली तर बांधणीचं काम बाहेर मशीनवर जाईल आणि इथे जुन्या खुर्च्या ठेवू. बाईंचंही अगदीच चुकत नव्हतं. मावशीने एका जाडजूड शब्दकोशाला पुठ्ठा उलटा लावला होता, आणि लोक आठवडाभर तो उघडून आधी गोंधळत होते, मग फिरवत होते. पण बावीस वर्षं ते टेबल तिचं आहे. टेबल गेलं तर मी काय करू, असं तिने मला फोनवर विचारलं तेव्हा तिचा आवाज कापत होता, आणि ते कापणं हौसेचं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्यासमोर काय यावं, तर अकरा भयकथांचं पुस्तक. वाचून वाचून पार भुगा झालेलं. वाघापुढे शेळी बांधावी तसं ते तिच्या टेबलावर ठेवून बाईंनी बजावलं, शनिवारी हे मला हवं, घरी नेऊन मी स्वतः पान न् पान तपासणार आहे.

शनिवारी मावशीने ते वेळेवर दिलं. रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली ती जवळजवळ नाचतच. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते म्हणाली, आणि चप्पल काढायच्या आधीच गोष्ट सुरू. एका कचेरीत एक रखवालदार असतो. रोज दुपारी त्याला कुलूपबंद कपाटातून टकटक ऐकू येते. कोणाला सांगितलं तर हसतात. शेवटी तो कुठून तरी किल्ली मिळवतो, दार उघडतो, वाकून आत बघतो.

"आणि आत," मावशी हळूच म्हणाली, "नवी सून चहा ओतत असते. म्हणते, तीन कप मांडलेत. आणि घरात माणसं दोनच."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आईने हातातला कप खाली ठेवला.

कपाटात सून कुठून आली, असं मी विचारलं. मावशी खुशीत म्हणाली, तीच तर लिहिणाऱ्याची कमाल, काही म्हणजे काही सांगत नाही. मग मी विचारलं, रखवालदाराचं काय झालं?

"त्याचा पत्ताच नाही. सोळा पानांनी एकदम परत येतो आणि कपाटातले उंदीर मारायला..."

ती तिथेच थांबली. "सोळा," ती म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

मग सगळं बाहेर आलं. शिवता शिवता ती त्याच पुस्तकातली, दारावर नखं घासल्याचा आवाज येतो ती गोष्ट वाचत होती, तेवढ्यात वर लिफ्टचं दार आपटलं. ही दचकली आणि फर्म्यांचा ढीग खाली. गोळा करताना आकडे बघायचे, तर ही मागे कोणी उभं आहे का ते बघत होती. दोन फर्म्यांची अदलाबदल झाली, आणि शिवून झाल्यावर तिने तेच पुस्तक तसंच्या तसं चवीने वाचलं. आता ते बाईंच्या घरी होतं. दिवसभर मावशीने घास गिळला नाही, आणि मला मात्र मधूनमधून हसू फुटत होतं. त्याबद्दल मी अजून बोलणी खाते.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. अकरा वाजता जिन्यावर पावलं वाजली. बाई दारातच थांबल्या. आत यायच्या आधी त्यांनी मला कोपऱ्यातला दुसरा दिवा लावायला सांगितला. मग पुस्तक टेबलावर ठेवलं.

"ऐंशीनंतर सत्त्याण्णव," त्या म्हणाल्या.

मावशीने मान खाली घालून सांगितलं, चूक माझीच आहे.

बाई खुर्ची ओढून बसल्या. असलं काही आपण वाचत नाही, आपण फक्त आकडे तपासत होतो, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आकडे तपासता तपासता नजर खाली गेली, एवढंच. पुढचं पान काही उलटवलं नाही. हे सांगताना त्या भिंतीतल्या पुठ्ठ्यांच्या कपाटाकडे पाठ होणार नाही अशा बेताने सरकल्या.

"कालपासून घरात चहा केलेला नाही," त्या म्हणाल्या. "तो तिसरा कप कोणाचा?"

मी मावशीकडे पाहिलं. तिचं तोंड हळूहळू फुलत होतं.

"आधी माझ्या टेबलाचं सांगा," मावशी म्हणाली.

बाईंनी कपाटाकडे एकदा बघून घेतलं.

"राहील टेबल. आता सांगा."

"मग पाय वर घ्या," मावशी म्हणाली.

आणि बाईंनी चपला काढून खरंच पाय वर घेतले.