सतरा नंबरचा शिक्का

रोज सकाळी अंघोळीनंतर वामनकाका काड्यापेटीच्या खरखरीत कडेवर उजव्या अंगठ्याचं नख घासत. बाकीची नखं मुळापासून कापलेली, हे एकच जोंधळ्याएवढं पुढे. मग चहाच्या कपाच्या काठावरून ते नख एकदा गोल फिरवत आणि मगच पहिला घोट घेत.

एमएसाठी मी चंदीगडला आले आणि मनीमाजऱ्यात त्यांच्याकडे राहिले. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कप नीट धुतलाय का ते पाहतात. प्रतिमाकाकू म्हणाल्या, कपाचं काही नाही गं, यांच्या डोक्यातून कारखाना जात नाही.

काकांनी हवाई दलात बावीस वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त केली होती. शेवटची बदली इथली, म्हणून इथेच राहिले आणि इंडस्ट्रियल एरियातल्या एका खाजगी कारखान्यात तपासनीस झाले. तिथे क्षेपणास्त्राच्या छोट्या टर्बोफॅन इंजिनाच्या पुढच्या पंख्याची चकती बनत असे. पोळपाटाहून जराशी मोठी, टायटॅनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली, कडेनं वळलेली पाती. यंत्रानं मोजमाप झाल्यावरही काका प्रत्येक पात्याच्या धारेवरून नख ओढत. अडकलं की चकती नापास, लाल डब्यात. नाही अडकलं तर तिच्या चिठ्ठीवर त्यांचा शिक्का, नंबर सतरा.

या इंजिनाबद्दल ते प्रेमानं बोलत नसत. विमानाचं इंजिन घरी परत येतं, म्हणायचे, तेलकट, तापलेलं, तक्रारी घेऊन, पण येतं. हे तासाभरासाठी जन्माला येतं. एकदा जेवताना बातम्यांत कुठल्याशा परक्या शहरातली इमारत दाखवली. समोरची भिंत गेलेली, तिसऱ्या मजल्यावर पडदा तसाच. त्यांचा मुलगा राजस, ज्याला मराठी सगळी कळते पण तोंडात हिंदीच येते, हसून म्हणाला, “पापा, आपके पंखे की हवा.” ते क्षेपणास्त्र आपलं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी तरी ताट सरकवलं आणि बराच वेळ बेसिनवर हात धूत राहिले.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका खेपेच्या चौदाच्या चौदा चकत्यांवर नख अडकलं. कापणारं हत्यार झिजलं होतं आणि माल द्यायची तारीख तोंडावर आली होती. मॅनेजर ग्रेवाल ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला, देशाची सुरक्षा तुमच्या एका नखाला अडकलीय असा विनोद केला, आणि मग म्हणाले, “वामन जी, एक ही बार तो उड़ना है. लौटकर शिकायत करने कौन आएगा?”

काका शिक्का मारायला नाही म्हणाले. घरी हे सांगताना त्यांचा चेहरा नासलेल्या दुधाचा घोट गेल्यासारखा झाला होता. अशा ओरखड्यातून पात्याला तडा जातो, म्हणाले. इंजिन वाटेतच बंद पडेल आणि ते सगळं कुणाच्या तरी घरावर कोसळेल.

मग गणपतीसाठी ते चार दिवस साताऱ्याला, मूळ घरी गेले. हवाई दलातल्या ज्या तुकडीत ते वाढले तिथली रीत अशी, की रजेवर जाताना आपला शिक्का पाकिटात बंद करायचा, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही करायची आणि पाकीट वरिष्ठांकडे ठेवायचं. ते कुणी फोडत नाही. फोडायचं नाही असं सांगावंही लागत नाही. काकांनी पाकीट ग्रेवालांच्या हातात दिलं आणि वर पोचही मागितली. ग्रेवालांनी हसत सही केली.

परत आले तेव्हा चकत्या खोक्यांत भरलेल्या होत्या आणि चौदाही चिठ्ठ्यांवर सतरा. काकांनी एक उचलून नख ओढलं. अडकलं. पाकीट टेबलावर होतं, कात्रीनं सरळ कापलेलं, शिक्का पुन्हा नीट आत ठेवलेला. ग्रेवालांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. आप ही तो देकर गए थे, म्हणाले.

त्या संध्याकाळी माल घेणाऱ्या खात्याला पाठवायचं पत्र काका सांगत गेले आणि मी टाइप केलं: हे चौदा शिक्के मी मारलेले नाहीत. शेवटची ओळ झाल्यावर मी विचारलं, “आणि जे तुम्ही मारलेत ते? त्या चकत्या कुठे पडतात?”

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं.

“त्याही घरांवरच,” ते म्हणाले. “फक्त नेमक्या.”

मग त्यांनी राजसकडे नेलकटर मागितलं आणि ते नख मुळापासून कापलं.

चौदा चकत्या परत आल्या. काकांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण शिसारी बसली होती ती उतरली नाही. काकू पोळ्या लाटायला बसल्या की ते उठून गॅलरीत जात. कप जसा येईल तसा तोंडाला लावत. साताऱ्याहून कुणी फोनवर नोकरीचं विचारलं, तर तिथे घाण होती, एवढंच सांगत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, साडेनऊच्या सुमारास, खुर्चीतच त्यांचं हृदय थांबलं. त्याआधी जेमतेम तासभर मी विद्यापीठात जायच्या तयारीत होते आणि काकूंनी माझा चहा ओतून ठेवला होता. बरेच दिवस न कापल्यामुळे काकांचं नख पुन्हा पुढे आलं होतं. त्यांनी माझा कप उचलला, अंगठा काठावरून फिरवत नेला आणि मध्येच थांबले. कप बाजूला ठेवत काकूंना म्हणाले, “अगं, हा कुणाला देऊ नकोस. ओठ कापेल.”