नोरीनचा पब विकायला निघाला तेव्हा

विंटरमध्ये दाराशी बूट साचतात, तसे आमच्याकडे नोरीनच्या पबचे किस्से साचलेत. एक उचलायला जावं तर खालून दुसरा निघतो! आम्ही म्हणजे तिघं: मी नागपूरची, ओस्बर्ट वसईचा आणि जोगळेकर पुण्याचे. तिघंही टोरोंटोतल्या एकाच ऑफिसात आयटीत, राहायला स्कारबरोत. बस बदलायच्या स्टॉपसमोरच हा आयरिश पब. नोरीन सत्तरीची, आयर्लंडहून चाळीस वर्षांपूर्वी आलेली. मालकीणही तीच आणि बारमागे उभी राहणारीही तीच.

*

दोन हजार सोळाची सुरुवात. मी आणि ओस्बर्ट, बस चुकलेली, बाहेर उणे अठरा. शिरलो आत. ओस्बर्टने काळी बिअर मागितली. नोरीनने ग्लास पाऊण भरला, बारवर ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. ओस्बर्टने ग्लासला हात घातला मात्र, फटकन हातावर बारचं फडकं बसलं!

"अजून झालेली नाही ती. निवळू दे, मग वरचं भरते."

"सॉरी, मला वाटलं तुम्ही कमीच दिली!"

नोरीनने त्याला चष्म्यावरून न्याहाळलं. "तूही कोट काढ आणि जरा निवळ. दोघांना सारखाच वेळ लागेल."

त्या दिवशी पुढच्या तीन बस आम्ही मुद्दाम सोडल्या.

*

जोगळेकर पीत नाहीत. "आमच्या सात पिढ्यांत कोणी बारची पायरी चढलेलं नाही!" असं म्हणत ते दोन महिने समोरच्या स्टॉपवर कुडकुडत उभे राहायचे. शेवटी थंडीपुढे सातही पिढ्यांनी हात टेकले. आत आले, घसा खाकरला आणि हळूच म्हणाले, "वन टी, प्लीज."

सगळे हसतील अशी त्यांना खात्री होती. कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही! नोरीनने किटली आणून ठेवली. चहा असा कडक, की पहिल्या घोटानंतर जोगळेकर दोन मिनिटं गप्प. जोगळेकर दोन मिनिटं गप्प, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणजे इथे नुसतं बसलं तरी चालतं?" त्यांनी विचारलं.

"मग खुर्च्या कशाला ठेवल्यात?" नोरीन म्हणाली.

*

बुधवारी कोपऱ्यात वादन चालायचं. स्टेज नाही, माइक नाही. चारपाच जण टेबलाभोवती बसून आपसात वाजवायचे, आणि मध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा म्हातारा ह्यू. आमचे जोगळेकर पडले मराठी मंडळाचे सेक्रेटरी! तासभर सलग वादन चालू आहे आणि कोणी निवेदन करत नाही, आभार मानत नाही, हे त्यांना सहनच होईना.

पुढच्या बुधवारी ते शाल-श्रीफळ घेऊनच आले. दोन ट्यूनच्या मध्ये उभे राहून त्यांनी इंग्रजीत छोटंसं भाषण ठोकलं, ह्यूच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. मी आणि ओस्बर्टने मेनूमागे तोंडं लपवली.

ह्यूने नारळ कानाशी नेला, हलवून बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "हे कसं वाजवायचं?"

नोरीनने नंतर जोगळेकरांना बाजूला घेतलं. "आमच्याकडे आवडलं, की माणसं नुसती पुढची ट्यून ऐकतात."

*

एका ऑक्टोबरात माझी नोकरी गेली. दुपारी चारला डेस्कवरचं सामान भरलेला खोका घेऊन मी पबमध्ये आले, कारण घरी जाऊन एकटीने बसायची हिंमत नव्हती. नोरीनने खोक्याकडे पाहिलं, उचलून बारमागे ठेवला आणि सूप-ब्रेड आणून दिला. एक प्रश्न नाही!

सहा आठवडे मी जात होते, सहा आठवडे तिने विचारलं नाही. एकदाच पुटपुटली, "खोका अडचण करतोय. लवकर दुसऱ्या एखाद्या डेस्कवर न्यायला लागेल असं बघ."

नवी नोकरी लागली तेव्हा नागपूरला आईला फोन करण्याआधी मी तिला सांगितलं.

*

आणि त्याच बाईने दोन वर्षांनी जाहीर केलं, "गुडघे संपले. पब विकून विंडसरला मुलीकडे जाते." मला भर पबात रडू आलं. ही जागा गेली तर आम्ही विंटरमध्ये एकमेकांना भेटणार कुठे? कोणाच्या बेसमेंटमध्ये?

पब बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी जोगळेकरांनी रातोरात वीस प्रश्नांची यादी केली. टीव्ही लावणार का? बुधवारचं वादन ठेवणार का? 'चहा मिळेल का?' याखाली दोन रेघा!

पहिल्या माणसाने आल्याआल्या भिंतींना मोजायची टेप लावली. "इथे आठ टीव्ही बसतील." यादी उघडायची वेळच आली नाही.

दुसरा म्हणाला, पब 'अस्सल आयरिश' करतो. जुन्या सायकली, दुधाचे कॅन, सगळं कॅटलॉगमधून मागवतो.

"माझ्या नवऱ्याची खरी जुनी सायकल होती इथे," नोरीन म्हणाली. "पायात यायची म्हणून मीच भंगारात दिली!"

*

तिसरा शिवनेसन. श्रीलंकेतल्या जाफन्याचा तमिळ, राहणारा स्कारबरोचाच, पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या हॉटेलांत कुक. त्याला संध्याकाळी सहाची वेळ दिली होती. "हाही तसलाच निघाला तर देते त्या टीव्हीवाल्याला," नोरीनने आधीच बजावलं होतं. बाहेर फुटपाथची नुसती काच झालेली. सहा वाजले, साडेसहा वाजले. नोरीनने टीव्हीवाल्याचं कार्ड शोधून फोनशेजारी ठेवलं. आमचा जीव टांगणीला!

पावणेसातला तो आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"सॉरी मॅडम. मी आलो तेव्हा तुमच्या दारातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर पडत होते, हातात फिडल. दोनदा घसरले. त्यांना घरी पोचवून आलो. हळूहळू चालतात." मग जरा संकोचून म्हणाला, "त्यांची कवळी इथेच राहिलीय म्हणे. खिडकीच्या टेबलावर, केचपच्या बाटलीमागे."

खिडकीच्या टेबलावर जोगळेकर सूप पीत होते. त्यांनी चमचा खाली ठेवला.

नोरीनने जाऊन बाटली सरकवली. कवळी होती! तिने जोगळेकरांच्या हातातली वीस प्रश्नांची यादी काढून घेतली, कवळी तिच्यात नीट गुंडाळली आणि ती पुडी शिवनेसनच्या तळहातावर ठेवली.

"ह्यूला सकाळी न्याहारीला लागेल. देऊन ये आणि मग उद्या अकराला पबचं दार उघड," ती म्हणाली आणि एप्रनच्या खिशातून किल्ली काढून पुडीवर ठेवली.