अरेगावीने तासलेली पायरी

अरेगावी पाथरवटाच्या हाताला आमच्या गावात तोड नव्हती. त्याच्या खाणीत दगड वाहायला लेताय असायची, शेजारची विधवा. एकदा चुनखडीचा एक थर सुटा झाला, तेव्हा दोघंच तिथे होती. दगडावर ओल्या वाळूत उठतात तशा लाटांच्या रेघा होत्या आणि त्यांच्यावरून बोटाएवढ्या जाड, नागमोडी खुणा गेल्या होत्या. इथे पाणी होतं, त्यातून किडे सरपटले, असं लेताय म्हणाली. शाळेच्या मास्तरांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला, हा जुन्या समुद्राचा तळ असणार म्हणाले आणि मेकेले शहरातल्या खडकांच्या एका जाणकाराला निरोप धाडला.

तो येण्याच्या आदल्या दिवशी अरेगावीला चर्चच्या पायरीसाठी एक लांब दगड कमी पडला. त्याने तोच घेतला, छिन्नीने तासून गुळगुळीत केला आणि बसवला. जाणकाराने विचारल्यावर, हातचं चर्चचं काम जाईल या भीतीने, असा दगड निघालाच नाही असं सांगून तो मोकळा झाला.

लेताय खोटारडी ठरली. “काय गं, आज डोंगरात मासे किती घावले?” बायका टोमणे मारायच्या. तिने शेजारी कॉफीला जाणं सोडलं. चर्चला मात्र यायची, आणि आत शिरण्याआधी रिवाजाप्रमाणे वाकून त्याच पायरीचं चुंबन घ्यायची. अरेगावीला ते बघवत नसे.

पाचव्या वर्षी, ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात, त्याने पाद्रीबाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आधी तिच्याकडे जा.

लेताय धान्य पाखडत होती. त्याचं सगळं ऐकून तिचं सूप थांबलं.

“दगड गेला तर गेला, अरेगावीदादा. माझा शब्द का घालवलास?”

“भ्यालो.”

“मग आता चारचौघांत सांग.”

रविवारी प्रार्थना संपल्यावर त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. कुणीतरी हसलं. त्या वर्षी त्याला गावात काम मिळालं नाही.

दोन पावसाळे तो एकटा खाणीत थर सोडवत राहिला. शेवटी तळहाताएवढा तुकडा सापडला: चार लाटा, एकच खूण. तो त्याने लेतायच्या दारात नेला.

तिने त्यावरून बोट फिरवलं. “हा तो नाही.”

“नाही,” तो म्हणाला.

तिने तुकडा खिडकीत ठेवला आणि त्याला बसायला सांगितलं. कॉफीच्या बिया अजून भाजायच्या होत्या.