सलीमभाईंना विहिरीत उतरवलं होतं

सलीमभाई पिऊन पडले नव्हते.

त्यांना उतरवलं होतं.

आज वर्ष झालं. अजून लोक त्यांच्या बायकोला, सफियाभाभींना, विचारतात, "घेत होते का हो?"

म्हणून लिहितेय. ही अफवा सोडणारे काहीजण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. नीट वाचा.

शहराचं ड्रेनेजचं पाणी साफ करायच्या प्लांटमध्ये मी केमिस्ट होते. सलीमभाई पंप ऑपरेटर. रोज खुलताबादहून बाइकवर यायचे. सीझनमध्ये माझ्यासाठी सीताफळं आणायचे.
"खाके देखो मॅडम. या वासात तेवढंच बरं."

सगळी घाण आधी एका खोल विहिरीत येते. पंप ती वर टाक्यांत चढवतो, तिथं पाणी साफ होतं, मग नदीत जातं.

पंप अडकला की आमचा सुपरवायझर सरळ बायपासचं गेट उघडायला लावायचा. म्हणजे ती घाण तशीच नदीत.

एकदा असंच सोडलं आणि खालच्या वस्तीवरच्या सोजरमावशींच्या शेळ्या ते पाणी पिऊन मेल्या.

मावशी फाटकावर येऊन शिव्या देत उभ्या राहिल्या. सुपरवायझर साहेब केबिनबाहेर आला नाही. सलीमभाई गेले. सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, माझ्या ड्युटीत असलं पाणी यायचं नाय. जबान देतो."
"तू कोण रं मोठा?"
"कोणी नाय. पण गेट मीच उघडतो ना."

सलीमभाई गेले त्या दिवशी सकाळी पंपात चिंध्या आणि प्लास्टिक अडकलं.

साहेब म्हणाला, "गेट उघड."
"नाय साहेब. उपसायची गाडी मागवा. तोवर गेट उघडणार नाय."
"गाडी दुपारी येईल. मला वरून फोन येतायत. गेट उघड, नायतर खाली उतर. दोन्ही जमत नसेल तर उद्यापासून येऊ नको."

विहिरीत हवा सोडायचा ब्लोअर जळून पडला होता. मास्क मी कितीदा मागितला होता. दरवेळी उत्तर एकच, "बघू."

मी म्हणाले, "सलीमभाई, आत गॅस असेल. नका उतरू."
"घरी तीन पोरी आहेत मॅडम. नोकरी गेली तर?"

तोंडाला रुमाल बांधला आणि उतरले.

शिडी संपायच्या आधीच हात सुटले.

मी हाका मारत राहिले. फायर ब्रिगेडवाल्यांनी वर काढलं तेव्हा अंग निळं पडलं होतं.

ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडली, आणि साहेबानं स्वतःच्या हातानं बायपासचं गेट उघडलं.

माझ्या डोळ्यांदेखत. नदी काळी झाली.

दुपारी गाडी आली. पंप मोकळा झाला. एवढंच थांबायचं होतं!

संध्याकाळी प्लांट चालवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस माझ्याकडं आला. "मॅडम, पोलिसांना फक्त एवढंच सांगा, त्याच्या तोंडाला वास येत होता."
"कसला वास? तुमच्या गटारीचा?"

पोलिसांना मी जे पाहिलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी वॉचमननं मला आत सोडलं नाही. नोकरी गेली. जाऊ दे.

मय्यतीला सोजरमावशी खुलताबादला आल्या होत्या. बायकांत बसून सफियाभाभींचा हात धरून म्हणाल्या,
"जबान पाळली गं त्यानं. नसती पाळली तरी चाललं असतं मला."

भाभी तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

केस चालू आहे. म्हणजे तारखा पडतायत. सुपरवायझर आता दुसऱ्या प्लांटवर आहे, त्याच पदावर. तिथंही विहीर आहे. तिथं मास्क आहे का, हे विचारायला कुणी गेलंय? की आपण परत कुणीतरी मरायची वाट बघणार आणि मग "दुर्दैवी घटना" म्हणून हात जोडणार?

मला कमेंटमध्ये जोडलेले हात नकोत. भाभींच्या गल्लीत जा आणि मोठ्यानं सांगा, हा माणूस कसा गेला ते.

सलीमभाई, अल्लाह तुम्हाला जन्नत देवो.

कोर्ट बोलवेल तेव्हा मी जाईन. याला अपघात म्हणणार नाही.