बांधीत उभी, गटाच्या बाहेर

पत्रक कसं लिहायचं हे मी चंद्रपूरला कॉलेजात असताना शिकले. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं. दुसऱ्या ओळीत मागणी. तिसऱ्या ओळीपुढे कोणी वाचत नाही, तिथं काहीही लिहिलं तरी चालतं. या पद्धतीनं मी बरीच पत्रकं काढली. त्यातलं एकच मागं घ्यावं लागलं.

आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, एकटीच धान करते. त्या वर्षी नियम आला की पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः ॲपमधून करायची, आणि तीही शेतात उभं राहून, पिकाचा फोटो काढून. नोंद नसेल तर सरकारी केंद्र धान घेणार नाही, मग व्यापारी म्हणेल तो भाव. त्याआधी हे काम तलाठी कार्यालयात बसून व्हायचं. कोणाला कुठं उभं राहावं लागत नव्हतं. शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती आणि मोठ्या आईचा फोन बटणांचा. म्हणून माझा फोन घेऊन मी गेले.

बांधी म्हणजे आमच्याकडे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. त्यात आम्ही दोघी उतरलो. पायाखाली सुकत आलेला चिखल, कमरेपर्यंत धान. मी गट नंबर टाकला, बटण दाबलं. ॲप म्हणालं, आपण निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात.

"का म्हनते?" मोठ्या आईनं विचारलं.

"आपण वावरात नाही म्हणते."

"मंग कुठी आहो?"

तेवढं ॲपनं सांगितलं नव्हतं.

मी मेसेजचा स्क्रीनशॉट काढून तलाठ्याला दाखवला. तो म्हणाला, "हे तुम्ही घरी बसूनही काढलं असेल. गट कोणता टाकला, काय दाबलं, यात कुठं दिसते? सुरुवातीपासूनचा व्हिडिओ आणा, स्क्रीनचा. मी वर पाठवतो."

मी सरळ झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि पत्रक काढलं. पहिली ओळ: 'शेतकऱ्याला त्याच्याच शेतातून हाकलणाऱ्या ॲपचा जाहीर निषेध!' अर्धी पत्रकं त्याच दिवशी बाजारात वाटली. मग व्हिडिओच्या मागे लागले.

माझा फोन नवा होता. दुकानदारानं विकताना स्क्रीन रेकॉर्डिंग आहे म्हणून सांगितलं होतं. कुठं आहे ते सांगितलं नव्हतं. सेटिंगमध्ये शोधलं, नाही. वरून पट्टी ओढली. टॉर्च होता, विमान होतं. आमच्या तालुक्यात विमानाचं बटण कोणाला लागते हा वेगळा विषय आहे. ज्या गोष्टीनं पुरावा तयार होतो ती पहिल्या पानावर नव्हती, दुसऱ्यावरही नव्हती. कोपऱ्यात पेन्सिलीचं बारीक चित्र होतं. ते दाबल्यावर खाली लपवलेली बटणं निघाली आणि त्यांच्यात हे सापडलं. बोटानं ओढून वर आणलं. टॉर्चच्या शेजारी बसवलं.

पहिलं रेकॉर्डिंग मुकं निघालं. आवाज घ्यायचा की नाही हे आधीच विचारलेलं असते आणि उत्तर 'नाही' असं फोननंच भरून ठेवलेलं असते. ते बदलून माइक सुरू केला. दुसरं रेकॉर्डिंग मध्येच बंद पडलं, जागा संपली. फोन माझ्याच मोर्च्यांनी भरलेला होता. एका मोर्च्याचे दोन व्हिडिओ पुसले, तरी जागा होईना. मग सिंदेवाहीच्या बसस्थानकावरचं माझं भाषण राहिलं. ते तेवढं ठेवलं आणि ग्रुपवरची सकाळची फुलं काढली. ती भाषणापेक्षा जास्त जागा खात होती. तिसऱ्या वेळी सगळं नीट झालं, पण मी कुठं बोट लावलं ते दिसेना, आणि तलाठ्याला नेमकं तेच पाहिजे होतं. त्याचीही सोय आत होती. ती सुरू केली की बोट लागेल तिथं पांढरा ठिपका उमटतो.

एवढ्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बांधीत उभं राहून मी पक्कं रेकॉर्डिंग केलं. आवाज, ठिपका, गट नंबर, सगळं आलं. शेवटी मेसेज: गटाच्या बाहेर. इतकं स्वच्छ अन्यायाचं चित्र मी आजवर काढलं नव्हतं.

तलाठ्याकडे जायच्या आधी विहाराच्या ओट्यावर बसून ते मोठ्या आईला दाखवलं. मेसेज यायच्या जरा आधी एक नकाशा येऊन जातो. बांधीत उभं असताना तो दिसतसुद्धा नाही, इतका पटकन जातो. व्हिडिओत तो दिसला.

"थांबव थांबव," ती म्हणाली. मी थांबवलं. तिनं डोळे बारीक केले. "हे आपली बोडी होय ना?"

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. होती खरी. बोडीच्या अलीकडे निळा ठिपका, म्हणजे आम्ही. बोडीच्या पलीकडे लाल रेघेनं आखलेला तुकडा, म्हणजे आमचा गट.

"मंग बरोबर हाय ना," ती म्हणाली. "कागदावर आपली बांधी तिकडंच हाय."

"तिकडं कशी?" मी विचारलं.

"तुह्या आज्यानं, म्हंजे माह्या सासऱ्यानं, अन् पलीकडच्या भाऊच्या बापानं बदलली होती. इकडं याले त्यायचा बैल नाला चढे नाई. म्हून ते घेतली त्यायनं, हे घेतली आपण."

"लिहून?"

"लिव्हाले काऊन लागते? दोघंबी इथंच होते."

"आणि हे तू मला तीन दिवसांत सांगितलं नाहीस?"

"तू इचारलं कुठी? तू त पत्रक वाटून राह्यली होतीस."

मी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून पाहिला. काही बदललं नव्हतं. तीन दिवस घालवून मी ॲपच्या बाजूचा पुरावा तयार केला होता, आवाजासकट.

आता काय करायचं ते उघड होतं. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. मोठ्या आईनं त्या पलीकडच्या बांधीत जाऊन उभं राहायचं. पण ती बांधी ज्यांच्या हातात होती त्या भाऊंशी ती दोन वर्षांपासून बोलत नव्हती. बोडीच्या पाण्याच्या पाळीवरून मोडलं होतं. तिच्या पाळीच्या दिवशी त्यांनी पाणी वळवलं, असं ती म्हणते. पाळी त्यांचीच होती, असं ते म्हणतात. याचंही काही लिहिलेलं नव्हतं.

मी त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर माझंच पत्रक हातात घेऊन बसले होते.

"जोरदार लिवलं," ते म्हणाले. "मले बी तीन दिवसांपासून तेच सांगून राह्यलं ते. बाहेर, बाहेर. मले वाटलं फोन बिघडला."

मी त्यांना नकाशा दाखवला. तो पाहताच त्यांनाही बापांची अदलाबदल आठवली. मग पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "म्हंजे तुह्या मोठ्या आईले माह्या बांधीत यावं लागते."

"आणि तुम्हाला तिच्या."

"ते येईन?"

"तुम्ही याल का?"

"मले त धान विकाचा हाय," भाऊ म्हणाले.

सकाळी दोघंही आले, बोडीकाठच्या धुऱ्याच्या दोन टोकांनी. धुरा एका माणसापुरता रुंद. मधोमध समोरासमोर आल्यावर कोणीतरी बोडीच्या चिखलात उतरणं भाग होतं. भाऊ उतरले. मोठी आई पुढं गेली, त्यांच्या धानात उभी राहिली, आणि मी रेकॉर्डिंग सुरू केलं. ॲप पुन्हा फिरलं तर पुरावा हवा होता.

"धान पातळ हाय तुमचा," मोठी आई धुऱ्यापलीकडे बघून म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"पानी कुठी हाय त्याले?"

"तुमच्याकडं नाई त कोनाकडं हाय? माही पाळी बी तुमीच पेले."

"पाळी मंगळवारची होती बाई, माही."

"मंगळवार माहा!"

मी बटण दाबलं. भाऊंनी पायाशी, तिच्या बांधीतल्या धानाकडे, पाहिलं. त्याच्या लोंब्या निसवत होत्या, पाणी लागते ते याच वेळी, आणि खालची भुई भेगाळायला लागली होती.

"घ्या मंगळवार," ते म्हणाले. "मी शुक्रवारी घेतो."

माझ्या फोनवर हिरवी खूण आली. नोंद झाली. पाठोपाठ भाऊंनी त्यांच्या फोनवर केली, तीही झाली. कागदावरचे मालक कागदावरच्या जमिनीत उभे होते, पीक दोन्हीकडे धानच. तलाठ्यानं सांगितलं, अदलाबदल आता कागदावर आणा. दोघांनी हो म्हटलं. अजून कोणी गेलेलं नाही.

उरलेली पत्रकं मी घरी आणली. ॲपनं सरळ नकाशा दाखवला असता आणि गट कुठं आहे ते एका ओळीत सांगितलं असतं तर हे तीन दिवस वाचले असते, यावर मी अजूनही ठाम आहे. त्याचं वेगळं पत्रक काढलं. त्याची पहिली ओळ लिहायला मात्र वेळ लागला.

त्या सोमवारी मोठी आई माझ्याकडे आली. "ते लाव," म्हणाली. मी लावलं. स्क्रीनवर गट नंबर, पांढरा ठिपका, हिरवी खूण. ती स्क्रीनकडे बघत नव्हती, कान लावून बसली होती. 'घ्या मंगळवार' आलं तसं तिनं हात वर केला. "पुन्हा." मी पुन्हा लावलं.

"हे पुसू नको," ती म्हणाली. "उद्या जाऊन पानी माहं म्हनलं त नाई म्हनाचे नाई ते."

फोननं तेवढ्यात जागा संपल्याचं कळवलं. मी बसस्थानकावरचं भाषण पुसलं.